‘हे माझ्याशी बोलतच नाहीत’

मोटर न्यूरॉन आजार (यात स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी हळूहळू निकामी होतात) असलेल्या घरांमधून ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे, की आज लिहायलाच बसले. हात आणि वाचा गेली तरी या आजारात डोळ्यांची हालचाल बहुतेकदा खूप उशिरापर्यंत टिकते. म्हणून नजरेवर चालणारं यंत्र आणतात. स्क्रीनवरच्या अक्षरावर साधारण सेकंदभर नजर रोखली की ते उमटतं. घरच्यांना वाटतं, आता गप्पा सुरू होतील.

पुण्यातल्या एक ताई (ओळखीचे तपशील बदलले आहेत) म्हणाल्या, “मॅडम, सकाळी दोन वाक्यं लिहितात आणि डोळे मिटून घेतात. रुसलेत का माझ्यावर?”

मी कुणा एकाला दुरुस्त करायला बसत नाही. अबोला दोघांमधला असतो, तिथेच शोधते. तीन-चार भेटींनंतर मी ताईंनाच यंत्रासमोर बसवलं. “लिहा, मला त्रास होतोय.”

मात्रा, पाय मोडणं आणि मोकळ्या जागा धरून पंधरा वेळा नजर रोखायची. ‘त्रास’ लिहितानाच दोनदा चुकलं, खोडावं लागलं. डोळे चुरचुरायला लागले. “पापणी लववायचीही भीती वाटते हो,” त्या म्हणाल्या.

आम्ही यंत्र पुन्हा काकांकडे, म्हणजे ताईंच्या यजमानांकडे, वळवलं. त्यांनी बराच वेळ घेऊन लिहिलं, ‘हे बाजूला कर. तुला बघू दे.’

ताई रडल्या. मीही इतकी वर्षं हा थकवा डोळ्यांचाच समजत होते. त्या दिवशी उमगलं, की बोलायचं तर या माणसाला बघणं सोडावं लागतं. स्क्रीन नेमकी बायकोच्या चेहऱ्याआड येत होती.

तेव्हापासून मी प्रत्येक घराला आग्रहाने सांगते: साधे प्रश्न यंत्राशिवाय विचारा, नजर वर म्हणजे हो, खाली म्हणजे नाही. रोजची वाक्यं साठवून ठेवा. मनातलं बोलणं ते ताजेतवाने असतील त्या वेळेला, थोडं थोडं. त्यांनी होकार दिल्याशिवाय त्यांचं वाक्य पुरं करू नका. नजर रोखण्याचा वेळ स्पीच थेरपिस्टकडून कमी-जास्त करून घ्या. कोरड्या डोळ्यांसाठी डॉक्टरांना विचारा. झोप उडाली, कशातच रस उरला नाही, तर तो थकवा समजून सोडू नका, तेही डॉक्टरांना सांगा.

ताई आता संध्याकाळी स्क्रीन भिंतीकडे वळवतात आणि काकांच्या समोर बसून मेथी निवडतात.