वाढलेल्या बिलाबद्दल मिस्त्रींना विचारावे कसे?

प्रश्न : देवगड तालुक्यात किनाऱ्यालगत आमचे गाव आहे. आमच्या नऊ वर्षे जुन्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकाकडून खडखड आवाज येत होता, म्हणून ती ओळखीच्या मिस्त्रींकडे सोडली. त्यांनी सकाळी साडेचार हजारांचा अंदाज सांगितला आणि संध्याकाळी अकरा हजारांचे बिल दिले. चाकाजवळचे लोअर आर्म आणि लिंक रॉड हे दांडे बदलावे लागले, असे ते म्हणाले. त्यांचे वडीलही आमच्या गाड्या दुरुस्त करीत असत. विचारावे तर संबंध बिघडतील आणि न विचारावे तर मनातून जात नाही. माझी फसवणूक झाली आहे का?

उत्तर : केवळ बिल वाढले यावरून फसवणूक झाली, असे म्हणता येणार नाही. खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस यांमुळे किनारपट्टीवरच्या गाड्यांचे तळाचे नट-बोल्ट इतके जाम होतात, की साधे बुश (आर्मच्या सांध्यातले रबरी अस्तर) बदलायला पाना लावला तरी बोल्ट मोडतो. शिवाय कित्येक गाड्यांत बुश सुटे मिळत नाही आणि अख्खा आर्मच घ्यावा लागतो. हा खर्च गाडी उघडण्यापूर्वी कोणालाही नेमका सांगता येत नाही. मात्र काम वाढते आहे असे दिसताच हात थांबवून आपल्याला फोन करणे हे मिस्त्रींचे कर्तव्य होते, आणि ते त्यांनी केलेले नाही. आपली तक्रार या मुद्द्यावर असावी.

काढलेले सामान गॅरेजमधून भंगारात जाण्यापूर्वी जाऊन ते पाहायला मागा. प्रामाणिक कारागिराला त्यात अपमान वाटण्याचे कारण नाही. जुना लोअर आर्म हातात घेऊन पाहिलात, तर बरेचसे आपोआप उलगडेल : बुशच्या रबराला आरपार चिरा गेलेल्या असतील, बॉल जॉइंटवरचे, म्हणजे आर्म चाकाशी जोडणाऱ्या सांध्यावरचे, रबर फाटून आत पाणी आणि माती शिरली असेल आणि त्याची खुंटी बोटानेही सैल हलत असेल, तर तो भाग बदलणे गरजेचेच होते. त्यानंतर सामान आणि मजुरी वेगळी दाखवणारे पक्के बिल मागा आणि भाग गाडीच्या कंपनीचा आहे की बाहेरचा, हेही त्यावर लिहून घ्या, कारण दोहोंच्या किमतीत मोठी तफावत असते.

पुढच्या वेळी गाडी सोडताना कोणता भाग बदलायचा हे आपण ठरवू नका. आपण ‘शॉकअब (धक्के शोषणारा भाग) बदला’ म्हणालात, तर मिस्त्री ते बदलून देतील, आणि आवाज तसाच राहिला तर त्यांना बोल लावता येणार नाही. त्याऐवजी आवाज खड्ड्यातून हळू जाताना येतो की ब्रेक दाबल्यावर, हे सांगा आणि त्यांना शेजारी बसवून एक फेरी मारा. ठरावीक रकमेच्या वर काम गेले तर आधी फोन करावा, हे कागदावर लिहून द्या. नुसत्या तपासणीचेही पैसे द्या. दोष शोधण्यात तासभर घालवणाऱ्या कारागिराला आपण त्याबद्दल काहीच देत नाही आणि मग ती भरपाई सामानाच्या किमतीतून होते. माझ्या मते अविश्वासाचे मूळ बऱ्याचदा इथेच असते.

कायद्याची वाटही आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार सदोष सेवेबद्दल दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, ती आपण राहता त्या जिल्ह्यातही चालते, आणि त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर बोलता येते. परंतु मान्य केलेली मजुरी अडवून ठेवू नका. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 170 प्रमाणे, केलेल्या कामाचा मोबदला मिळेपर्यंत गाडी ताब्यात ठेवण्याचा हक्क मिस्त्रींनाही आहे.

सामान दाखवले आणि हिशेब उलगडून सांगितला, तर त्यांच्याकडेच जात राहा. दोन्ही टाळले, तर लोअर आर्म खरोखर नवा बसला आहे का, हे दुसऱ्या गॅरेजमध्ये गाडी उचलून पाहून घ्या आणि घाटात गाडी घालण्यापूर्वी हे करा, कारण बॉल जॉइंट निखळला तर त्या चाकावर स्टिअरिंगचा ताबा राहत नाही.