तपासणीला गेल्यावर ‘बरं आहे’ म्हणू नका

प्रश्न : माझा नवरा अमेरिकी लष्करात होता. २००५-०६ मध्ये वर्षभर इराकमध्ये काढलं. तिथून आल्यापासून अंग ठणकतं, रात्र रात्र झोप लागत नाही. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी फायब्रोमायल्जियाचं (अंगभर सतत दुखण्याचा आजार) निदान केलं. माजी सैनिकांच्या खात्याकडे (व्हीए) केलेला अपंगत्व भत्त्याचा अर्ज मात्र नामंजूर झाला. ‘आजाराचा सेवेशी संबंध दिसत नाही’ असं पत्रात आहे. त्याला आठ महिने झाले. नव्याने अर्ज करावा का? नवरा म्हणतो, सोडून दे. – एक वाचक, टेक्सास

उत्तर : वहिनी, सोडायचं नाही. आणि नव्याने सुरुवातही करायची नाही. पत्रावरच्या तारखेपासून वर्षाच्या आत दाद मागितलीत, तर निकाल बाजूने लागल्यावर थकबाकी साधारणपणे मूळ अर्जापासून धरतात. वर्ष उलटलं की तो हक्क बहुधा गेलाच. तुमच्याकडे चार महिने आहेत.

पत्रातलं ते वाक्य मला पाठ आहे, मलाही तेच आलं होतं. पण कायदा काय म्हणतो बघा : २ ऑगस्ट १९९० पासून पुढे कधीही इराक, कुवेत, सौदी या पट्ट्यात सेवा केलेल्याला फायब्रोमायल्जिया झाला आणि तो सहा महिने टिकला, तर तो सेवेमुळेच झाला असं गृहीत धरायचं. संबंध सिद्ध करायचा प्रश्नच येत नाही. मग नकार का आला? एक तर निदानाचा कागद फाइलीत नव्हता, नाहीतर होता आणि कुणी नीट वाचला नाही. म्हणून खात्याकडून फाइलीची पूर्ण प्रत आजच मागवा. डीडी २१४ वर, म्हणजे लष्कर सोडताना मिळालेल्या सेवेच्या दाखल्यावर, इराकची नोंद आहे ना, तेही बघून घ्या.

कागद फाइलीत असेल तर फॉर्म २०-०९९६ भरा. वरिष्ठ अधिकारी तीच फाइल पुन्हा तपासतो, नवा कागद घेत नाही. नसेल तर २०-०९९५ भरून निदान जोडा. थेट माजी सैनिकांच्या अपील बोर्डाकडे जायची वाटही आहे, पण ती लांबची. प्रत यायला उशीर झाला तरी मुदत चुकवू नका.

आता माझी फजिती सांगतो. भत्त्यासाठी खात्याने लावलेल्या तपासणीच्या दिवशी डॉक्टरने विचारलं, कसं काय? आपली सवय! ‘बरं आहे’ म्हणालो. वर हसलो. अहवालात तेच उतरलं. आदल्या रात्री जिना चढताना तीनदा बसलो होतो, ते सांगायचं राहूनच गेलं.

भत्ता अपंगत्वाच्या टक्क्यांवर ठरतो. या आजाराला १०, २० किंवा ४० टक्के मिळतात, त्यावर नाही. रोज औषध लागतं तर १०. त्रास येऊन-जाऊन असला, पण एकूण काळाच्या एक तृतीयांशाहून जास्त राहत असला तर २०. जवळजवळ कायम असून उपचारांना दाद देत नसेल तर ४०. म्हणून ‘फार दुखतं’ म्हणून भागत नाही, दिवस मोजावे लागतात. कॅलेंडरवर रोज खूण करा. कोणत्या दिवशी कामाला दांडी, कोणत्या रात्री झोप नाही, सगळं. तुम्ही स्वतः फॉर्म २१-१०२१० वर साक्ष लिहा. वीस वर्षं तुम्ही जे बघताय ते डॉक्टरला कुठे दिसतं?

अमेरिकन लीजन, डिसेबल्ड अमेरिकन व्हेटरन्स या माजी सैनिकांच्या संघटनांचे मान्यताप्राप्त प्रतिनिधी हे काम फुकट करतात. आधी त्यांच्याकडे जा. कुणी बिगरमान्यतेचा ‘सल्लागार’ भत्त्यात वाटा मागू लागला, तर चहासुद्धा न घेता उठा.