व्हर्जिनियाचे संथ आक्रमण: राग वेगावर काढावा की फटक्यांवर?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. शार्लट्सव्हिलमध्ये शिकत असताना २०२३-२४ च्या मोसमात आपण व्हर्जिनिया विद्यापीठाच्या पुरुष बास्केटबॉल संघाचे बरेच सामने जॉन पॉल जोन्स अरीनात बसून पाहिले. तीस सेकंदांच्या शॉट क्लॉकपैकी (चेंडू हाती आल्यापासून फेक घेण्याची मुदत) पंचवीस सेकंद चेंडू नुसता फिरत राहायचा आणि शेवटी कोणीतरी घाईने तो बास्केटकडे फेकायचा, हे पाहून आपला संताप व्हायचा. टोनी बेनेट यांच्यासारख्या नावाजलेल्या प्रशिक्षकाने हा हट्ट का धरला, आणि आता नवे प्रशिक्षक रायन ओडम आल्यावर तो खरोखर सुटेल का, असे आपण विचारले आहे.

आपला संताप योग्यच आहे, पण तो चुकीच्या आरोपीवर निघाला आहे, असे माझे मत आहे. संथपणा हा त्या संघाचा दोष नव्हता. संथ खेळून अखेरीस जो फटका, म्हणजे बास्केटकडची फेक, पदरात पडायचा, तो वाईट होता.

सर्वात ठोस पुरावा याच विद्यापीठाचा आहे. २०१९ साली राष्ट्रीय विजेतेपद मिळवणारा व्हर्जिनियाचा संघ कॉलेज बास्केटबॉलच्या प्रथम श्रेणीतल्या साडेतीनशेहून अधिक संघांमध्ये सर्वात संथ खेळणारा संघ होता, आणि तरीही दर शंभर ताब्यांमागे (ताबा म्हणजे चेंडू हाती असलेली एक खेळी) मिळवलेल्या गुणांच्या हिशेबाने त्याचे आक्रमण देशातल्या अगदी वरच्या संघांत मोडत होते. सामन्यातले एकूण गुण पाहून आक्रमणाची परीक्षा केली की गल्लत होते ती इथेच. साठ ताब्यांत सत्तर गुण करणारा संघ पंचाहत्तर ताब्यांत ऐंशी गुण करणाऱ्या संघापेक्षा अधिक कुशल असतो, पण फलकावर तो दुबळा दिसतो. शिवाय हा संथपणा निम्मा प्रतिस्पर्ध्याच्या खात्यातला असतो. टोनी यांचे वडील डिक बेनेट यांनी घडवलेल्या ‘पॅक लाइन’ बचावात चेंडूवरचा बचावपटू सोडून बाकीचे चौघे बास्केटजवळच्या एका काल्पनिक रेषेच्या आत दाटीने उभे राहतात. समोरच्या संघाला आत शिरायला वाट मिळत नाही, तो बाहेरून चेंडू फिरवत बसतो आणि त्याचेही पंचवीस सेकंद जातात. प्रेक्षकाला मात्र सगळी दिरंगाई घरच्या संघाचीच वाटते.

आता आक्रमणाच्या रचनेकडे वळू, कारण खरे उत्तर तिथे आहे. बेनेट पितापुत्रांच्या ‘मूव्हर-ब्लॉकर’ पद्धतीत पाच जणांची विभागणी ठरलेली असते. दोघे उंच खेळाडू ब्लॉकर असतात आणि त्यांचे मुख्य काम स्क्रीन लावणे, म्हणजे बचावपटूच्या वाटेत आडवे उभे राहणे, हे असते. उरलेले तिघे मूव्हर असतात, ते बेसलाइनच्या (बास्केटमागच्या सीमारेषेच्या) बाजूने निघून त्या स्क्रीनला घासून बाहेर येतात. मूव्हरने कोणत्या दिशेला जायचे हे आधी ठरलेले नसते. बचावपटू मागून पाठलाग करत असेल तर स्क्रीनभोवती वळून बास्केटकडे शिरायचे, आणि तो स्क्रीनच्या आतून वाट कापत असेल तर मागे सरकून थ्री-पॉइंट रेषेबाहेर चेंडू मागायचा. एका स्क्रीनने काही साधले नाही तर दुसऱ्या बाजूला तेच पुन्हा सुरू होते. वीस सेकंद अशी पळापळ झाली की बचावपटू एकदा तरी अर्धे पाऊल चुकतो, आणि त्या अर्ध्या पावलाची शिक्षा त्याला तत्काळ व्हावी, हा सगळा डाव आहे. बाहेरून पाहणाऱ्याला जे चेंडू फिरवत बसणे वाटते, ती प्रत्यक्षात चुकीची वाट पाहणे असते.

या पद्धतीत एक अट गृहीत धरलेली आहे: स्क्रीनवरून बाहेर आलेल्या खेळाडूचा बाहेरचा फटका बचावाला धाक वाटावा असा हवा. २०१९ मध्ये काइल गाय, टाय जेरोम आणि डीआंद्रे हंटर हे तिघेही थ्री-पॉइंट रेषेबाहेरून चाळीस टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून वर होते, त्यामुळे त्यांच्यापैकी कोणालाही क्षणभर मोकळे सोडणे परवडत नसे. २०२३-२४ मध्ये आयझॅक मॅकनीली हा अस्सल शूटर संघात होता, पण बाकीच्यांविषयी तसे म्हणता येत नव्हते. रायन डन हा विलक्षण बचावपटू. त्याच वर्षी एनबीए ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत त्याची निवड झाली, ती बचावाच्या बळावर, कारण त्या मोसमात त्याचे तीन गुणांचे फटके पाचात एक या प्रमाणातच पडले होते. रीस बीकमन व्हर्जिनिया ज्यात खेळते त्या एसीसी लीगचा दोनदा सर्वोत्तम बचावपटू ठरलेला. चेंडू हाती घेऊन वाट काढण्यात तो पटाईत होता, पण वाट काढायला जागा कुठून येणार? समोरचा संघ डनला आणि आतल्या उंच खेळाडूंना धरणाऱ्या आपल्या बचावपटूंना सरळ बास्केटजवळ आणून उभे करायचा. मग मॅकनीलीला स्क्रीनवर दोघे दोघे धरायचे, बीकमनपुढे तिघांची भिंत व्हायची, आणि शॉट क्लॉक संपता संपता रेषेच्या आतून, ड्रिबल करत मारलेला लांबचा दोन गुणांचा फटका उरायचा. आपण पाहिलेला तो घाईचा फटका हाच. तो पाचव्या सेकंदाला घेतला असता तरी तेवढाच वाईट ठरला असता.

यात आणखी दोन गोष्टी मिळत होत्या आणि त्या प्रशिक्षकाच्या निवडीच्या होत्या, म्हणून तिथे मी चाहत्यांच्या बाजूने आहे. पहिली, आक्रमणातील रिबाउंडसाठी, म्हणजे आपला चुकलेला फटका परत मिळवण्यासाठी, झडप घालण्याऐवजी बहुतेक खेळाडू फटका सुटताच बचावासाठी मागे धावत. प्रतिस्पर्ध्याला फास्ट ब्रेक (बचाव सावरण्याआधीची वेगवान चढाई) मिळू नये म्हणून ही किंमत बेनेट जाणूनबुजून मोजत असत. फटके पडत असताना ती स्वस्त असते, पडेनासे झाले की प्रत्येक चुकलेला फटका म्हणजे संपलेला ताबा ठरतो. दुसरी, बास्केटवर चढून फाउल मिळवणे या पद्धतीत फारसे बसत नाही, त्यामुळे फ्री थ्रो कमी मिळत, आणि त्या वर्षी मिळालेलेही हा संघ बरेच चुकवत असे. फटका, रिबाउंड आणि फ्री थ्रो ही गुणांची तिन्ही दारे एकाच वेळी बंद झाली की जे होते ते आकड्यांत दिसते. फेब्रुवारी २०२४ मध्ये व्हर्जिनिया टेककडून ७५-४१ असा पराभव झाला, पाठोपाठ घरच्या मैदानावर नॉर्थ कॅरोलिनाविरुद्ध फक्त ४४ गुण झाले, आणि मार्चमध्ये डेटन शहरात राष्ट्रीय स्पर्धेच्या प्रवेशफेरीत कोलोरॅडो स्टेटने व्हर्जिनियाला ६७-४२ असे हरवले. त्या सामन्याच्या मध्यंतराला व्हर्जिनियाच्या खात्यात अवघे १४ गुण होते.

संथ खेळाविरुद्धचा एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो: ताबे कमी म्हणजे नशिबाला वाव जास्त, म्हणून बलवान संघाने वेगाने खेळावे. गणित म्हणून हे खरे आहे. दर शंभर ताब्यांमागे दहा गुणांनी सरस असलेला संघ साठ ताब्यांत सरासरी सहा गुणांनी आणि पंचाहत्तर ताब्यांत साडेसात गुणांनी पुढे राहील. म्हणजे आघाडी पाव हिश्शाने वाढते, तर योगायोगाची उलथापालथ वर्गमुळाच्या प्रमाणात, सुमारे बारा टक्क्यांनीच वाढते. पण एका सामन्यात गुणांचा फरक योगायोगानेच दहा-बारा गुण इकडे तिकडे होऊ शकत असल्यामुळे, जिंकण्याच्या शक्यतेत यातून पडणारा फरक जेमतेम एक-दोन टक्क्यांचा असतो. मार्च २०१८ मध्ये शार्लट येथे पहिल्या मानांकनाच्या व्हर्जिनियाला सोळाव्या मानांकनाच्या यूएमबीसी संघाने ७४-५४ असे हरवले. पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत असे त्याआधी एकदाही घडले नव्हते, अशा सलग १३५ सामन्यांत पहिल्या मानांकनाचा संघच जिंकला होता. त्या वीस गुणांच्या पराभवाचे खापर संथपणावर फोडणाऱ्यांशी मी तेव्हाही सहमत नव्हतो. मध्यंतराला २१-२१ अशी बरोबरी होती. पुढच्या वीस मिनिटांत बचावाने ५३ गुण दिले, हंटर मनगटाच्या दुखापतीमुळे बाहेर होता, आणि थ्री-पॉइंट रेषेबाहेरून बावीसपैकी चारच फटके पडले.

त्या रात्री जो खरा उणेपणा उघडा पडला तो वेगळा आहे. या संघाकडे दुसरा वेग नव्हता. दहा-बारा गुणांनी मागे पडल्यावर पटकन गुण मिळवण्याची सवयच नसल्याने तो पिछाडीवरही आघाडीवर असल्यासारखाच खेळत राहिला. २०१६ मध्ये शिकागोत याची दुसरी बाजू दिसली होती: सिरॅक्यूजविरुद्ध ५४-३९ अशी आघाडी असताना समोरून प्रेस (मैदानभर अंगावर येऊन केलेला बचाव) सुरू झाला, खेळ अचानक धावता झाला, सिरॅक्यूजने २५-४ अशी मुसंडी मारली आणि अंतिम चौघांत जाण्याची संधी गेली. म्हणून संथ का खेळता, यापेक्षा गरज पडल्यावर वेगाने का खेळता येत नाही, हा बेनेट यांना विचारण्याजोगा प्रश्न होता.

आणि त्यांनी त्याचे उत्तर एकदा दिलेही होते, हे त्यांच्या टीकाकारांनी लक्षात घ्यावे. २०१८ च्या नामुष्कीनंतर त्यांनी मूव्हर-ब्लॉकर सोडले नाही, पण त्याच्या जोडीला बॉल स्क्रीनच्या (चेंडू असलेल्या खेळाडूसाठी लावलेल्या स्क्रीनच्या) सलग चालणाऱ्या रचनेचा वापर पुष्कळ वाढवला, ज्यात चेंडू जेरोमसारख्या बचाव वाचणाऱ्या खेळाडूच्या हाती राहतो आणि शॉट क्लॉकच्या अखेरीस काहीतरी निर्माण करण्याची जबाबदारी कोणाची हे स्पष्ट असते. २०१९ च्या पहिल्याच फेरीत गार्डनर-वेबविरुद्ध संघ चौदा गुणांनी मागे पडला होता, तरी ७१-५६ असा जिंकला. पुढे पर्ड्यू, ऑबर्न आणि अंतिम सामन्यात टेक्सास टेक या तिन्ही लढतींत पराभव हाताच्या अंतरावर होता. ऑबर्नविरुद्ध तर अखेरच्या सेकंदाच्या आत काइल गायने तीन फ्री थ्रो टाकून ६३-६२ असा निकाल फिरवला. नशिबाची साथ होती यात शंका नाही, पण टेक्सास टेकच्या कडव्या बचावाविरुद्ध जादा वेळेत का होईना ८५ गुण करणाऱ्या आक्रमणाला कोणी कंटाळवाणे म्हणू नये.

जाता जाता एक गंमत सांगतो. कॉलेज बास्केटबॉलमध्ये शॉट क्लॉक आला त्यामागे चाहत्यांचा असाच संताप होता, आणि त्यात व्हर्जिनिया दुसऱ्या बाजूला होते. १९८२ च्या एसीसी अंतिम सामन्यात डीन स्मिथ यांच्या नॉर्थ कॅरोलिनाने अखेरची कितीतरी मिनिटे चेंडू नुसता धरून ठेवला आणि राल्फ सॅम्पसनच्या व्हर्जिनियाला ४७-४५ असे हरवले. १९८५-८६ पासून देशभर पंचेचाळीस सेकंदांची मर्यादा आली, १९९३-९४ मध्ये ती पस्तीसवर आणि २०१५-१६ मध्ये तीसवर आली. कबड्डी पाहणाऱ्यांना हे लगेच कळेल: आघाडीवरचा संघ तीस-तीस सेकंदांच्या रिकाम्या चढाया करू लागला, म्हणून तिसऱ्या चढाईत गुण घ्या नाहीतर बाद व्हा असा नियम करावा लागला. नियम दिरंगाईला मर्यादा घालू शकतो. चांगला फटका शोधून देणे त्याच्या हातात नाही.

आता आपला शेवटचा प्रश्न. ऑक्टोबर २०२४ मध्ये, मोसम तोंडावर असताना, बेनेट निवृत्त झाले. ट्रान्सफर पोर्टल (खेळाडूंनी सहज विद्यापीठ बदलण्याची सोय) आणि खेळाडूंच्या मानधनाच्या नव्या व्यवस्थेत आपण योग्य माणूस नाही, असे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. हे आपल्या विषयाशी जवळून निगडित आहे, कारण स्क्रीन वाचायला खेळाडूला दोन-तीन वर्षे लागतात आणि दरवर्षी निम्मा संघ बदलू लागला की ते वाचन जमेपर्यंत मोसम संपतो. मार्च २०२५ मध्ये विद्यापीठाने ओडम यांना आणले, म्हणजे २०१८ मध्ये यूएमबीसीच्या बाकावर बसून व्हर्जिनियाला हरवणाऱ्या त्याच माणसाला. त्यांच्या संघांचा कल मोकळ्या जागेकडे आणि बाहेरच्या फटक्यांकडे असतो, तेव्हा वेग वाढेल असे मानायला हरकत नाही. पण आपण सामना पाहाल तेव्हा घड्याळाकडे पाहू नका. कोपऱ्यात उभा असलेल्या खेळाडूचा बचावपटू कुठे आहे ते पाहा. तो त्या खेळाडूला चिकटून बाहेर उभा असेल तर आक्रमण ठीक आहे. एक पाय बास्केटजवळच्या रंगीत भागात ठेवून तो निवांत उभा असेल, तर प्रशिक्षक कोणीही असो, पंचविसाव्या सेकंदाला आपल्याला तोच फटका पाहावा लागेल.