इमारतींसाठी शिल्पं करून करिअर होतं का?

प्रश्न असा आहे: "शिल्पकलेचं शिक्षण संपत आलंय. इमारतींसाठी सार्वजनिक शिल्पं करून पोट भरतं का? सुरुवात कुठून करावी?"

भरतं. पण ते तुमच्या पोर्टफोलिओपेक्षा आर्किटेक्ट तुम्हाला कधी बोलावतो यावर ठरतं.

एका मोठ्या कार्यालयाच्या प्रवेशदालनासाठी मी ब्रॉन्झचं उठावशिल्प, म्हणजे सपाटीतून थोडंसं वर उठलेलं शिल्प, केलं होतं. नकाशात डावीकडे उंचावर खिडकी होती. उठावाचा सगळा खेळ तिरक्या उजेडाचा. बोटभर खोली असली तरी सावली नीट पडली की खांदा पुढे येतो, मान मागे सरते. त्या खिडकीचा उजेड धरूनच मी मातीत काम केलं, स्टुडिओतला दिवाही त्याच कोनात लावला. बसवायला गेलो तर खिडकीच्या जागी एसीचा डक्ट आणि शिल्पाच्या बरोबर समोर छतात दिव्यांची रांग! सगळे चेहरे झिजलेल्या नाण्यासारखे सपाट. आर्किटेक्ट म्हणाले, "शिल्प शेवटी येतं हो. इमारत काय शिल्पासाठी थांबणार?"

शिवाय भिंत पोकळ ब्लॉकची. पाच मिलिमीटर जाडीचं ब्रॉन्झ चौरस मीटरला साधारण ४४ किलो भरतं, मागची चौकट वेगळी. एवढा भार अशा भिंतीवर टांगत नाहीत. काँक्रीट ओतायच्या आधी शटरिंगमध्येच, म्हणजे काँक्रीटच्या साच्यातच, स्टेनलेसच्या प्लेटा सोडायला हव्यात, हे मी पहिल्याच बैठकीत लिहून दिलं होतं. कोणी वाचलं नाही. मग मागे लोखंडी सांगाडा उभारला आणि त्याचा खर्च माझ्या मानधनातून कापला. हा राग अजून गेलेला नाही.

शिल्प शेवटी येतं म्हणणाऱ्यांनी लंडनची टाइम-लाइफ इमारत बघावी. ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूरने १९५२-५३ च्या सुमारास तिथे गच्चीच्या कठड्यात चार दगडी शिल्पं बसवली. आरपार आभाळ दिसतं. कठडा आणि शिल्प वेगळे काढताच येत नाहीत. ते दगड फिरते ठेवायचं त्याच्या मनात होतं, पण खाली रस्त्यावर पडतील या भीतीने ते होऊ दिलं नाही. मूरलाही सगळं मिळालं नाही, मान्य. तरी कठडा बांधून झाल्यावर त्याला बोलावलं असतं तर यातलं काहीच झालं नसतं.

देखभाल कोणाची, हे करारात लिहून घ्याच. शिल्पकार जेकब एपस्टाइनने १९०८ मध्ये लंडनच्याच ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या इमारतीवर १८ मूर्ती केल्या. पुढे दगडाचे तुकडे पडायला लागले, तेव्हा १९३७ मध्ये मूर्तींचे बाहेर आलेले भाग सरळ फोडून टाकले. छिन्नविच्छिन्न अवस्थेत त्या अजून तिथेच आहेत.

पैशाचं म्हणाल तर फ्रान्समध्ये १९५१ पासून सरकारी बांधकामाच्या खर्चातला एक टक्का कलेसाठी ठेवायची पद्धत आहे. अमेरिकेत केंद्र सरकारच्या इमारतींसाठी किमान अर्धा टक्का. अशी तरतूद असेल तिथे अर्ज टाकत राहा. नसेल तिथे पाया खणला जात असतानाच साइटवर बोलावणारा आर्किटेक्ट शोधा. असे आर्किटेक्ट असतात, हेही सांगायला हवं; माझी चांगली कामं त्यांच्याचमुळे झाली.

पहिली काही वर्षं दुसरं काही करावंच लागेल. शिकवण्या घेण्यापेक्षा फाउंड्रीत काम धरा. ओतकाम, जोड, वजन हाताला कळलं की साइटवरचा इंजिनिअर तुम्हाला गप्प बसवू शकत नाही.