‘मेन’ कोणी बुडवली? आणि वाचकांचे इतर प्रश्न

१८९० ते १९१० या वीस वर्षांतल्या अमेरिकेबद्दल वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेले बरेच प्रश्न स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांतून निघालेले दिसतात. त्या पुस्तकांत हा काळ ‘अमेरिका महासत्ता होऊ लागली’ एवढ्या एका ओळीत उरकलेला असतो. त्याची किंमत कोणी मोजली, हे त्या ओळीत येत नाही. म्हणून काही उत्तरे मुद्दाम लांब दिली आहेत.

हवानाच्या बंदरात ‘मेन’ ही अमेरिकन युद्धनौका स्पेनने उडवली, असे आमच्या नोट्समध्ये आहे. दुसऱ्या पुस्तकात तो अपघात म्हटला आहे. परीक्षेत काय लिहायचे? (कोल्हापूरचा एक विद्यार्थी)

नोट्समधली ती ओळ खोडून टाका. १५ फेब्रुवारी १८९८ च्या रात्री ‘मेन’चा पुढचा भाग स्फोटात फाटला आणि २६० हून अधिक माणसे गेली, एवढे निर्विवाद आहे. त्याच रात्री जहाजाचे कप्तान सिग्जबी यांनी तार केली, तीत पुढचा अहवाल येईपर्यंत लोकांनी मत बनवू नये, अशी विनंती होती. ती कोणी मनावर घेतली नाही.

अमेरिकन नौदलाच्या चौकशी मंडळाने मार्चमध्ये निष्कर्ष दिला की जहाजाखाली पाणसुरुंग फुटला. तो कोणी लावला, हे मात्र मंडळानेही सांगितले नाही. स्पेनच्या चौकशीचे म्हणणे उलट होते. सुरुंग पाण्यात फुटला असता तर पाण्याचा उंच लोट उठला असता, बंदरात मेलेले मासे तरंगले असते, आणि तसे काही दिसले नव्हते. १९११ मध्ये जहाजाचा सांगाडा उघडा पाडून पुन्हा तपासला, तेव्हाही अमेरिकन मंडळ सुरुंगावरच ठाम राहिले. १९७६ मध्ये ॲडमिरल हायमन रिकोव्हर यांनी सगळी कागदपत्रे तज्ज्ञांकडून नव्याने तपासून घेतली. त्यांच्या मते कोळशाच्या कोठीत आपोआप आग धुमसली आणि शेजारच्या दारूगोळ्याने पेट घेतला. मला हे पटते, कारण त्या काळच्या जहाजांवर कोठीतला कोळसा पेटण्याचे प्रकार घडतच होते. तरी वाद पूर्ण मिटलेला नाही. तेव्हा उत्तरपत्रिकेत लिहा : कारण वादग्रस्त, आतल्या स्फोटाकडे कल अधिक, स्पेनचा हात असल्याचा पुरावा नाही.

हर्स्ट आणि पुलित्झर यांच्या वृत्तपत्रांनी युद्ध लावून दिले, हेही तुमच्या नोट्समध्ये असेलच. ‘तुम्ही चित्रे पाठवा, युद्ध मी पुरवतो’ या हर्स्ट यांच्या नावावरच्या तारेचा कागद कोणालाही सापडलेला नाही. वृत्तपत्रांनी तेल ओतले हे खरे, पण आग आधीची होती. क्यूबात १८९५ पासून स्वातंत्र्यलढा चालू होता. स्पेनच्या जनरल वेलर यांनी खेड्यांतल्या लोकांना छावण्यांत कोंडले आणि भूक व रोगराईने तिथे लाखभर तरी माणसे मेली. अमेरिकन भांडवल क्यूबाच्या साखरेत गुंतलेले होते. हे सगळे सोडून केवळ संपादकांवर खापर फोडणे सोपे आहे, पण पुरेसे नाही.

मी मनिलात नोकरी करते. इथले सहकारी अमेरिकेशी झालेल्या युद्धाबद्दल बोलतात. अमेरिका तर स्पेनविरुद्ध लढत होती, मग फिलिपिनो लोकांशी युद्ध कसे झाले?

तुमच्या सहकाऱ्यांच्या घरांत ही आठवण जिवंत असणार. त्यांना जरूर बोलते करा.

युद्ध ठरवताना अमेरिकन काँग्रेसने ‘टेलर दुरुस्ती’ करून स्वतःला बांधून घेतले होते की क्यूबा आम्ही गिळणार नाही. त्या ठरावात फिलिपिन्सचे नाव नव्हते. १ मे १८९८ ला कमोडोर ड्युई यांनी मनिलाच्या उपसागरात स्पेनचे आरमार एका सकाळीत संपवले. फिलिपिनो स्वातंत्र्यलढ्याचे नेते एमिलिओ अगिनाल्दो यांना हाँगकाँगहून अमेरिकन जहाजानेच मायदेशी आणले गेले आणि त्यांच्या सैन्याने बेटाबेटांवर स्पेनला कोंडीत पकडले. १२ जून १८९८ ला कावित या गावी त्यांनी स्वातंत्र्य जाहीर केले. पण १० डिसेंबरला पॅरिसमध्ये तह झाला तो स्पेन आणि अमेरिका या दोघांतच. स्पेनने पोर्तो रिको आणि ग्वाम दिले, आणि २ कोटी डॉलर घेऊन फिलिपिन्सही दिले. ज्यांचा देश होता त्यांना त्या मेजावर खुर्ची नव्हती.

४ फेब्रुवारी १८९९ च्या रात्री मनिलाच्या वेशीवर गोळीबार सुरू झाला. दोनच दिवसांनी सिनेटने ५७ विरुद्ध २७ मतांनी तह मंजूर केला. दोन तृतीयांशाच्या अटीपेक्षा जेमतेम एक मत जास्त. त्याच महिन्यात ‘गोऱ्या माणसाचे ओझे’ ही कविता अमेरिकेत छापून आली. फिलिपिन्सचे ओझे उचला, असे ती अमेरिकेलाच सांगत होती. तिचा कवी रुडयार्ड किपलिंग मुंबईत, आपल्या जे. जे. कलाशाळेच्या आवारात जन्मलेला.

युद्ध तीन वर्षे चालले. अमेरिकेचे सुमारे ४,२०० सैनिक मेले, फिलिपिनो लढवय्ये २०,००० च्या वर. साधी माणसे किती मेली याचे अंदाज वेगवेगळे आहेत आणि २ लाखांपर्यंतचा आकडा सर्रास दिला जातो. त्यांतले बहुतेक बळी दुष्काळ आणि पटकीचे. पण गावे जाळली, गुरे मारली, माणसे छावण्यांत हलवली, मग दुष्काळ आणि पटकी यायला आमंत्रण लागत नाही. क्यूबातल्या ज्या छावण्यांवरून अमेरिका स्पेनवर चवताळली होती, तशाच छावण्या तिने फिलिपिन्समधल्या बातांगास प्रांतात उभारल्या. कैद्याच्या पोटात बळेच पाणी भरून माहिती काढण्याचा छळ इतका बोभाटला की सिनेटला १९०२ मध्ये चौकशी बसवावी लागली.

२८ सप्टेंबर १९०१ ला सामार बेटावरच्या बालांगिगा गावात लोकांनी अचानक हल्ला करून ४८ अमेरिकन सैनिक मारले. त्यावर जनरल जेकब स्मिथ यांनी हुकूम दिला : दहा वर्षांवरचा जो शस्त्र धरू शकेल त्याला ठार करा. त्यांच्यावर लष्करी खटला झाला, आणि शिक्षा काय, तर ठपका आणि सक्तीची निवृत्ती. सैन्याने गावच्या चर्चच्या घंटा लूट म्हणून नेल्या. त्या परत यायला डिसेंबर २०१८ उजाडला. तुम्ही मनिलात आहात, सामारला जाणे झाले तर त्या घंटा बघून या.

या युद्धाला अमेरिकेतूनही जोरदार विरोध झाला, हे सांगायलाच हवे. साम्राज्यवादविरोधी संघात पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी होते आणि मार्क ट्वेनही. १८९६ च्या सुरुवातीला ट्वेन मुंबईत येऊन भाषणे देऊन गेले होते. परदेशी राज्य दिसते कसे, हे त्यांनी इथे डोळ्यांनी पाहिले होते.

१८९३ च्या अमेरिकन मंदीचा आपल्या रुपयाशी संबंध होता असे ऐकले. मी जुनी नाणी जमवतो, म्हणून उत्सुकता आहे. (पुणे)

संबंध होता, आणि तुमच्या संग्रहातल्या व्हिक्टोरिया राणीच्या रुपयांतच तो दडला आहे.

तोपर्यंत कोणीही चांदी घेऊन मुंबईच्या किंवा कलकत्त्याच्या टांकसाळीत जावे आणि ठराविक आकार भरून तिचे रुपये पाडून घ्यावेत, अशी मुभा होती. जगात चांदी स्वस्त होत गेली तसा रुपयाही घसरला. १८७० च्या सुमारास जवळजवळ २ शिलिंगांचा असलेला रुपया १८९३ पर्यंत सव्वा शिलिंगाच्या खाली आला. भारत सरकारला लंडनची देणी पौंडात भागवायची असत, त्यामुळे तिजोरी पिचली. अखेर २६ जून १८९३ ला सरकारने टांकसाळी जनतेच्या चांदीला बंद केल्या.

आता अमेरिकेकडे चला. १८९० च्या शर्मन चांदी खरेदी कायद्याने तिथल्या सरकारवर दरमहा ४५ लाख औंस चांदी विकत घेण्याचे बंधन होते. पश्चिमेतल्या खाणमालकांसाठी केलेली ही सोय. बदल्यात ज्या नोटा दिल्या जात, त्या लोक खजिन्यात नेऊन सोने मागू लागले. फेब्रुवारीत फिलाडेल्फिया आणि रीडिंग रेल्वे बुडाली, एप्रिलमध्ये खजिन्यातले सोने १० कोटी डॉलरच्या खाली गेले. लोक आधीच धास्तावलेले होते आणि जगातला चांदीचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक मानला जाणारा आपला देश जूनअखेर बाजारातून उठला. चांदीचा भाव काही दिवसांत कोसळला, कोलोरॅडोतल्या खाणी बंद पडल्या, खाणकामगार मालगाड्यांवर चढून डेन्व्हरकडे निघाले. ३० जूनला राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलँड यांनी चांदीचा कायदा रद्द करण्यासाठी काँग्रेसचे खास अधिवेशन बोलावले. दुसऱ्याच दिवशी न्यूयॉर्कजवळ एका खासगी बोटीवर त्यांच्या जबड्यातली गाठ गुपचूप कापून काढली गेली. ही बातमी फुटली तर बाजार आणखी घाबरेल, म्हणून वर्षानुवर्षे ती दाबून ठेवली होती.

मंदीचे मूळ कारण भारत होता, असे मात्र समजू नका. रेल्वेतली बेसुमार गुंतवणूक आणि शेतमालाचे पडलेले भाव ही दुखणी जुनी होती. मुंबईच्या टांकसाळीने धक्का दिला, भिंत आधीच तडकलेली होती.

तिकडे ‘चांदी परत आणा’ ही कर्जबाजारी शेतकऱ्यांची घोषणा झाली. ९ जुलै १८९६ ला डेमोक्रॅटिक पक्षाच्या शिकागोच्या अधिवेशनात ३६ वर्षांचे विल्यम जेनिंग्ज ब्रायन उभे राहिले आणि मानवजातीला सोन्याच्या क्रूसावर चढवू नका, असे गरजले. राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक ते हरले. इकडे रुपया १ शिलिंग ४ पेन्सवर स्थिर झाला, म्हणजे १५ रुपयांना एक सॉव्हरीन, हे ब्रिटिश सोन्याचे नाणे. पण रुपयाची किंमत त्यातल्या चांदीहून जास्त झाली, आणि ज्या शेतकऱ्याची जन्माची पुंजी बायकोच्या चांदीच्या दागिन्यांत होती, त्याला पूर्वीसारखी ती तोलामोलाने रुपयांत बदलता येईना. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत दख्खनमध्ये दागिने मोडायला निघालेल्यांना हा फरक भोगावा लागला.

राइट बंधूंच्या आठ वर्षे आधी शिवकर बापूजी तळपदे यांनी चौपाटीवर विमान उडवले, हे अभ्यासक्रमात का नाही? (डोंबिवली)

तुमची कळकळ समजते. तळपदे यांच्या जिद्दीबद्दल मलाही आदर आहे. पण १८९५ चा तो दावा जसाच्या तसा मान्य केला, तरी तो माणूस नसलेल्या यंत्राचा आहे. माणसाशिवाय इंजिनावर उडणारे यंत्र अमेरिकन शास्त्रज्ञ सॅम्युअल लँगली यांनी ६ मे १८९६ ला पोटोमॅक नदीवर सुमारे ३,३०० फूट नेले होते, आणि तरीही पहिल्या विमानाचा मान अमेरिकेने शेवटी त्यांना दिला नाही. राइट बंधूंचे काम वेगळे होते. माणूस बसलेला आहे, यंत्र स्वतःच्या शक्तीवर उडते आहे आणि ते वळवता येते. १९०१ च्या हिवाळ्यात डेटनच्या सायकल दुकानात लाकडी वायुबोगदा करून त्यांनी सुमारे २०० आकारांचे छोटे पंख तपासले. १७ डिसेंबर १९०३ ला किटी हॉकजवळ पहिले उड्डाण झाले १२ सेकंद, १२० फूट. त्या दिवसाचे चौथे ५९ सेकंद, ८५२ फूट. पाच साक्षीदार, एक छायाचित्र, वडिलांना केलेली तार आणि वह्यांमधले आकडे, असे सगळे जपलेले आहे. तळपदे यांच्या बाबतीत तसा आराखडा किंवा मोजमाप आपल्या हाती नाही. त्यांच्या नावाशी जोडल्या जाणाऱ्या वैमानिक शास्त्राच्या पोथीतली विमाने उडू शकत नाहीत, हे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्येच दाखवले.

जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली होती. गुलामी गेल्यावर तिथल्या काळ्या लोकांचे पुढे काय झाले? (नागपूरच्या एक शिक्षिका)

१८७३ ची ती अर्पणपत्रिका मी दर वर्षी वर्गात वाचून दाखवतो. जोतीरावांनी ती लिहिली तेव्हा दक्षिणेतल्या राज्यांत काळे पुरुष मतदान करत होते, आमदार होत होते. २८ नोव्हेंबर १८९० ला जोतीराव गेले. त्याच वर्षी लुइझियाना राज्याने रेल्वेत गोऱ्यांचे आणि काळ्यांचे डबे वेगळे करणारा कायदा केला.

न्यू ऑर्लिन्सच्या नागरिकांनी समिती स्थापून तो न्यायालयात खेचायचे ठरवले. ७ जून १८९२ ला होमर प्लेसी ठरवून गोऱ्यांच्या डब्यात बसले आणि अटक करवून घेतली. त्यांच्या आठ पणजोबा-पणज्यांपैकी एकच काळी, दिसायला ते गोरेच. १८ मे १८९६ ला सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध १ मताने सांगितले की सोयी सारख्या असतील तर वेगळे बसवण्यात घटनाभंग नाही. विरोधातले एक मत न्यायमूर्ती जॉन हार्लन यांचे. ते गुलाम बाळगणाऱ्या घराण्यातले. त्यांनी लिहिले की या देशात कोणी राज्यकर्ता वर्ग नाही, इथे जात नाही. त्यांनी वापरलेला इंग्रजी शब्द आपल्या जातीसाठी वापरतात तोच आहे. त्याच निकालपत्रात चिनी लोकांबद्दल त्यांनी तुच्छतेने लिहिले, हेही मुलांना सांगा.

डब्यापाठोपाठ मतपेटी गेली. लुइझियानाने १८९८ मध्ये मतदानाला साक्षरतेची किंवा मालमत्तेची अट घातली, आणि ज्याचा बाप किंवा आजा १८६७ पूर्वी मतदार होता त्याला सूट दिली. १८६७ पूर्वी तिथले बहुतेक सगळे काळे लोक गुलाम होते किंवा मताधिकाराविना होते. १८९६ मध्ये १,३०,३३४ काळे मतदार नोंदलेले होते, १९०४ मध्ये १,३४२ उरले. मी फळ्यावर हे दोन आकडे एकाखाली एक लिहितो आणि थोडा वेळ काहीच बोलत नाही.

बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्कला पोचले ते या अमेरिकेत. पुढे १९४६ मध्ये त्यांनी काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या काळ्यांच्या अर्जाची प्रत मागितली. प्लेसी निकाल फिरला १७ मे १९५४ ला.

राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली क्ष-किरण यंत्र न वापरल्यामुळे दगावले का? (नाशिक)

६ सप्टेंबर १९०१ ला बफेलोच्या प्रदर्शनात लिऑन चोलगोश याने हातरुमालात लपवलेल्या पिस्तुलातून दोन गोळ्या झाडल्या. प्रदर्शनात क्ष-किरण यंत्र मांडलेले होते, ते वापरले नाही हे खरे. दिव्यांनी उजळलेल्या त्या प्रदर्शनात शस्त्रक्रियेच्या खोलीत मात्र पुरेसा उजेड नव्हता, डॉक्टरांनी आरशाने ऊन पाडून काम केले. गोळी सापडली नाही. पण मॅकिन्ली गेले ते गोळीच्या वाटेवर झालेल्या कोथाने (गँगरीनने), १४ सप्टेंबरला. प्रतिजैविके अजून कित्येक वर्षे दूर होती, गोळी दिसली असती तरी फारसा फरक पडला नसता.

मारेकऱ्याला तिसरी गोळी झाडता आली नाही, त्याचे मोठे श्रेय रांगेत त्याच्या मागे उभ्या असलेल्या जेम्स पार्कर यांना त्या वेळच्या साक्षीदारांनी दिले. पार्कर काळे होते, तिथल्या उपाहारगृहात वाढप्याचे काम करत. पहिल्या आठवड्यात वृत्तपत्रांनी त्यांना डोक्यावर घेतले. महिनाअखेरीस खटला उभा राहिला तेव्हा त्यांना साक्षीला बोलावले गेले नाही.