ती दोन एकर विकू नकोस

अनेक आशीर्वाद.

विधानसभेला उभं राहायचं म्हणतोस, आणि त्यासाठी रस्त्याकडेची दोन एकर विकायला काढतोयस, हे पत्रातून कळलं. उभा राहा. जमीन मात्र विकू नकोस.

महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा ४० लाख आहे. तीसुद्धा अर्ज भरल्यापासून निकालापर्यंतच मोजतात. त्याआधीची हळदीकुंकवं, क्रिकेटचे चषक, देवदर्शनाच्या बसगाड्या त्यात धरत नाहीत. आणि पक्षाच्या खर्चाला तर मर्यादाच नाही. २०१३ साली गोपीनाथ मुंडे जाहीर कार्यक्रमात बोलले होते की २००९च्या लोकसभेला त्यांचे ८ कोटी गेले. त्या वेळची मर्यादा होती २५ लाख. आयोगाने त्यांना नोटीस काढली. मला त्या आकड्याचं नवल वाटलं नाही, कारण मी स्वतः एका उमेदवाराची खर्चाची वही लिहिली आहे.

चहा, मंडप, रिक्षावरचा भोंगा, सगळं जिल्ह्याच्या दरपत्रकाप्रमाणे मी लिहीत होतो. शेवटच्या दोन रात्री पाकिटं वाटली गेली, ती वहीत आली नाहीत. मी समोर होतो आणि गप्प बसलो, हे मला अजून टोचतं. तो पडला. वर्षभरात त्याचा मळा गेला. जो निवडून आला त्याच्यामागे एक कंत्राटदार होता, आणि पुढची पाच वर्षं तालुक्यातला प्रत्येक रस्ता त्यालाच मिळाला. पडणारा घर विकून फेडतो, निवडून येणारा आपल्या सगळ्यांच्या पैशातून.

म्हणून आधी माणसं मोज. शंभर-दोनशे रुपये देणारी दोन हजार माणसं तुझ्या मतदारसंघात सापडतात का, ते वर्षभर पायी फिरून बघ. प्रत्येकाला पावती दे. नाही सापडली तर यंदा जिल्हा परिषद लढ, त्यात कमीपणा नाही.

सापडली, तर अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी निवडणुकीचं वेगळं खातं उघड. एकाला दहा हजारांवर जाणारी रक्कम रोखीने देऊ नकोस. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब सादर कर, पडलास तरी. तो न दिल्यामुळे तीन वर्षांसाठी अपात्र ठरलेले कितीतरी आहेत.

आणि आईला विचारलंस का? सातबाऱ्यावर तिचंही नाव आहे.