जीरावण निघाला दुबईला, नाव मात्र अजून सासऱ्यांच्या नावावर

प्रश्न : इंदूरच्या रामबागेतून एक ताई लिहितात, 'सासऱ्यांनी घरातून सुरू केलेला जीरावण (पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला) आणि इतर मसाल्यांचा धंदा आता मी आणि यजमान प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढून चालवतो. नावाच्या ट्रेडमार्कचा अर्ज सासऱ्यांनी २०१७ मध्ये केला होता, प्रमाणपत्र २०१९ मध्ये आलं. २०२१ मध्ये ते गेले. आता दुबईचा एक व्यापारी माल मागतोय. म्हणतो, "नाव तिकडे मीच नोंदवून घेतो, तुम्हाला खर्च नको." इथला एजंट म्हणतो, एका अर्जात जगभर नोंदणी होते. त्यातच चुलत दिरांची नोटीस आली आहे, की नाव घराण्याचं आहे आणि त्यांचाही त्यावर हक्क आहे. काय करावं?'

उत्तर : ताई, पहिलं काम दुबईच्या व्यापाऱ्याचं. त्याला आजच 'नको' कळवा. फोनवर नाही, ई-मेलवर. माणूस चांगला असेलही, पण नाव एकदा त्याच्या नावावर चढलं की उद्या तुमचं त्याच्याशी बिनसल्यावर तुमचाच माल तुमच्याच नावाने दुबईत विकायला तुम्हाला त्याची परवानगी लागेल. असली प्रकरणं मी पाहिली आहेत, आणि नाव परत मिळवायला जो खर्च येतो त्यात दहा देशांत नोंदणी झाली असती. करारात स्पष्ट लिहून घ्या की नाव आमचं, वापरायची मुभा फक्त करार असेपर्यंत, आणि ते किंवा त्यासारखं नाव तो स्वतःच्या नावाने कुठेही नोंदवणार नाही.

आता एजंटचं म्हणणं. ते अर्धं खरं आहे. 'जगाचा ट्रेडमार्क' अशी वस्तू नाही. आहे ती माद्रिद प्रोटोकॉल या आंतरराष्ट्रीय कराराची सोय. भारत त्यात ८ जुलै २०१३ पासून आहे, संयुक्त अरब अमिराती २८ डिसेंबर २०२१ पासून. भारतीय ट्रेडमार्क कार्यालयामार्फत ऑनलाइन एकच अर्ज करायचा, त्यात हवे ते सदस्य देश निवडायचे. कार्यालय तो तपासून जिनिव्हाच्या वायपोकडे, म्हणजे जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे, पाठवतं. वायपो फक्त अर्जाची मांडणी, मालाचं वर्गीकरण आणि फी बघते. नाव द्यायचं की नाही हे प्रत्येक देश आपापल्या कायद्याने ठरवतो. नकार कळवायला त्याला १२ महिने असतात, काही देशांना १८. मध्येच वायपोचं देखणं प्रमाणपत्र हातात पडतं आणि लोक पेढे वाटतात. ताई, ते प्रमाणपत्र म्हणजे दुबईची मंजुरी नव्हे.

तुमची खरी अडचण त्याच्याही आधीची आहे. ट्रेडमार्क कायद्याचं कलम ३६डी सांगतं की असा अर्ज भारतातल्या मूळ अर्जाच्या किंवा नोंदणीच्या मालकालाच करता येतो. रजिस्टरवर नाव सासऱ्यांचं, अर्ज करायचाय कंपनीला. नात्याने तुम्ही एकच घर असलात तरी कायद्याच्या नजरेत कंपनी परकी आहे, आणि तो अर्ज इथेच अडेल.

त्यामुळे आधी घरचं आवरा. सासऱ्यांनी मृत्युपत्र केलं होतं का? नसेल तर यजमानांबरोबर सासूबाई आणि नणंदाही वारस आहेत. हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही, कारण धंदा मुलगा बघत असतो. वारसांनी मिळून नाव कंपनीला देणारा लेख करायचा, गुडविलसकट (म्हणजे धंद्याने कमावलेल्या पतीसकट), आणि मृत्यूचा दाखला जोडून टीएम-पी या फॉर्मवर मालकीबदल नोंदवायचा. मध्य प्रदेश मुंबईच्या ट्रेडमार्क कार्यालयाखाली येतो, पण सगळं ऑनलाइन होतं, मुंबईच्या खेपा घालाव्या लागत नाहीत. नणंदेची सही मात्र आत्ताच घ्या. निर्यात सुरू झाल्यावर मागायला गेलात, तर त्या सहीची किंमत वाढलेली असते.

याच कागदात एक तारीख दडलेली आहे. प्रमाणपत्र २०१९ चं म्हणून मुदत २०२९ पर्यंत, असं तुम्ही धरून चालला असाल. दहा वर्षं अर्जाच्या तारखेपासून मोजतात. तुमचं नूतनीकरण २०२७ मध्ये आहे.

तुम्ही लेबलचा फोटो पाठवलात ते बरं केलं. नोंदवलेलं लेबल लाल-पिवळं, नाव देवनागरीत, कोपऱ्यात सासऱ्यांचा टोपीतला फोटो. नव्या पाकिटावर फोटो गेलाय आणि नाव रोमन अक्षरांत आलंय. माद्रिदच्या अर्जात तेच चिन्ह द्यावं लागतं जे मूळ नोंदणीत आहे. त्याचा रोमन उच्चार लिहून द्यायचा असतो, पण तो माहितीपुरता, त्याने रोमन नाव नोंदलं जात नाही. माझं मत विचाराल तर कंपनीच्या नावाने फक्त शब्दाचा, रोमन अक्षरांतला नवा अर्ज वर्ग ३० मध्ये (मसाले त्यात येतात) करा आणि तो माद्रिदचा पाया ठेवा. पण मालकीबदल नोंदवल्याशिवाय नको. नाहीतर सासऱ्यांचीच जुनी नोंदणी तुमच्या अर्जाला आडवी घातली जाईल. 'जीरावण' हा शब्द कुणाच्या मालकीचा होत नाही, तो साऱ्या इंदूरचा आहे. तुमचं आहे ते पाकिटावर त्या शब्दाच्या आधी लागणारं नाव.

आता चुलत दीर. त्यांची नोटीस कपाटात टाकून माद्रिदचा अर्ज करू नका. आंतरराष्ट्रीय नोंदणी पहिली पाच वर्षं मूळ भारतीय नोंदणीच्या आधाराने जगते. त्या काळात दिरांनी इथे नोंदणी रद्द करण्याचा दावा लावला आणि ती गेली, तर निवडलेल्या सगळ्या देशांतली नोंदणी एका फटक्यात जाते. दावा पाच वर्षांच्या आत लागला आणि निकाल नंतर आला, तरी तेच. मग तीन महिन्यांत प्रत्येक देशात वेगळा अर्ज करून आंतरराष्ट्रीय नोंदणीची जुनी तारीख वाचवता येते, पण फी प्रत्येक ठिकाणी नव्याने. नव्या अर्जाच्या पायावर गेलात तरी धोका टळत नाही, दीर त्यालाही विरोध करू शकतात.

म्हणून दुबईचं काम मी माद्रिदवर सोडणार नाही. अमिरातीत कंपनीच्या नावाने थेट अर्ज करा. तिथला एजंट आणि साक्षांकित मुखत्यारपत्र लागेल, खर्च जास्त येईल, पण ती नोंदणी इंदूरच्या भांडणावर टांगलेली राहणार नाही. व्यापारी अरबी लेबल छापणार असेल तर नावाचं अरबी रूपही तुमच्याच नावाने टाका. दिरांशी जमलं तर लेखी समझोता करा : कोण कुठल्या मालावर कसं नाव लावणार, आणि एकमेकांच्या नोंदणीला कुणी विरोध करायचा नाही. भाऊबंदकीत कोर्टापेक्षा ओसरीवरची एखादी बैठक स्वस्त पडते, हे वकील असूनही सांगतो.

हे मिटलं की ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, सिंगापूरसाठी माद्रिद मोलाचं आहे. मूळ फी काळ्या-पांढऱ्या चिन्हाला ६५३ स्विस फ्रँक, रंगीत चिन्हाला ९०३. शब्दचिन्हाचा आग्रह धरला त्याचं हेही एक कारण. शिवाय प्रत्येक देशाची फी वेगळी, आणि भारतीय कार्यालयाची हाताळणी फी ५,००० रुपये. एखाद्या देशाने नकार दिला तर पैसे परत येत नाहीत, म्हणून जिथे खरंच माल जाणार तेच देश निवडा, बाकीचे नंतर जोडता येतात. अमेरिका घेतलीत तर वापराच्या इराद्याचं वेगळं घोषणापत्र लागतं, आणि पाचव्या-सहाव्या वर्षांच्या दरम्यान वापराचा पुरावा द्यावा लागतो. पुढे पत्ता बदलला, तर जिनिव्हाला एकच फॉर्म. नूतनीकरण दर दहा वर्षांनी, तेही एकाच ठिकाणी.

अर्जात ई-मेल एजंटचा नको, कंपनीचा द्या, कारण वायपोची पत्रं त्यावरच येतात. नाव त्यांच्या गॅझेटमध्ये छापून आलं की भलत्याच 'आंतरराष्ट्रीय रजिस्टर'ची बिलं येऊ लागतील, शिक्के-बिक्के मारलेली, फ्रँकमध्ये किंवा युरोत रक्कम टाकलेली. ती भरू नका, आधी आपल्या वकिलाला दाखवा.